मीठ बघणारी माणसं

आमच्या घरात इंग्रजी कविता पहिल्यांदा पाठ झाली ती भाकरीच्या थापेवर. हसायचं त्यांनी खुशाल हसावं. नळदुर्गला हमरस्त्याच्या कडेला माझ्या मायची खानावळ होती. पुढं पत्र्याची शेड, शेडमध्ये चार बाकडी, मागं दोन चुली आणि चुलींच्या मागं एक खोली. ती खोली म्हणजे आमचं घर. वडील मी पहिलीत असतानाच गेलेले, त्यामुळं घरात माणसं दोनच, माय आणि मी; पण दारात दिवसभर एवढा राबता की एकटं वाटून घ्यायला फुरसत मिळायची नाही. सोलापूरकडून हैदराबादला जाणाऱ्या ट्रका दारात येऊन फुस्स करून थांबायच्या, ड्रायव्हर लोक कन्नडात, तेलुगूत, हिंदीत भाकरी मागायचे आणि माय सगळ्यांना मराठीत उत्तर द्यायची. तिचं कुणाशी कधी अडलं नाही. आता तो रस्ता गावाबाहेरून गेलाय, जिल्ह्याचं नावही बदललंय आणि आमच्या शेडच्या जागी मोबाईलचं दुकान आहे. मी तिथनं गेले की उगाच एकदा थांबते. दुकानदार विचारतो, "काय पाहिजे मॅडम?" काय सांगणार त्याला!

पीठ मळायचं काम गोदाक्काचं. गोदाक्का अक्कलकोटकडची, मायच्याच वयाची, तोंडानं फटकळ आणि हातानं चलाख. ती गोळे करून द्यायची, माय थापायची. थप थप थप, मग भाकरी तव्यावर पडताना जरा शांतता, मग पुन्हा थप थप. मी बाजूला पोत्यावर बसून पुस्तक मांडीवर घ्यायचे. दहावीच्या इंग्रजीच्या पुस्तकात धुक्यातून बदकं घरी हाकत नेणाऱ्या पोरीची एक कविता होती. अर्थ निम्माच कळायचा, पण तिचा ठेका मायच्या थापेशी असा काही जुळला की इकडं ओळ संपायची आणि तिकडं भाकरी तव्यावर पडायची. मी अडखळले की तिचा हातही अडखळायचा. "नीट म्हण की गं," ती ओरडायची, "भाकर फाटायली माजी!" पुढं मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, माकणीच्या शाळेतून निवृत्त झाले, पण कविता म्हणताना माझा उजवा हात आपोआप मांडीवर थाप मारतो. पोरं मागं हसायची. मला ठाऊक होतं, आणि मी काही तो हात आवरला नाही.

मायची एक खोड होती. आमटी उतरवली की ती पदराला हात पुसत शेडच्या बाहेर बघायची. दारावरून कुणी रेंगाळत जात असलं, बाकड्यांकडं बघून न बघितल्यासारखं करत असलं, की त्याला हाक जायची. "ओ पाव्हणं, जरा हिकडं या की. आमटीचं मीठ बगा बरं. मला मेलीला आज चवच कळंना." मग त्या माणसाला शेवटच्या बाकड्यावर बसवायचं आणि वाटीभर येसराची, भाजल्या डाळींच्या पिठाची, आमटी पुढं ठेवायची. नुसती आमटी कशी कळणार, म्हणून एक भाकरी. एका भाकरीत नीट अंदाज येत नाही, म्हणून दुसरी. माणूस पोटभर मीठ बघायचा आणि उठताना वर सल्ला द्यायचा, "चिमूटभर आणखी घाला, मावशी." माय डब्यात हात घालून चिमूटभर घातल्यासारखं करायची. मला खरंच वाटायचं की हिला चव कळत नाही. शाळेत मैत्रिणींना सांगायचेसुद्धा, आमच्या मायची जीभ अधू आहे. किती बावळट असावं माणसानं!

रोज मीठ बघायला जणू नेमलेले होते ते बँडवाले तात्या. एकेकाळी लग्नाच्या वरातीत त्यांची सनई पुढं असायची म्हणे. आता बोटं थरथरायची आणि तोंडात दात नव्हता. माय त्यांच्यासाठी भाकरीच्या कडक कडा काढून टाकायची, मधला मऊ भाग आमटीत कुस्करून द्यायची आणि त्या कडा नंतर स्वतः खायची. "मला कडाच आवडत्यात," म्हणायची. तात्या जेवायला लागले की मी समोर जाऊन बसायचे. दातांशिवाय माणूस कसा चावतो ते बघायची मला भारी मजा वाटायची. माय मला दहा वेळा तिथनं उठवायची, मी अकराव्यांदा जाऊन बसायचे.

आणखी एक माणूस त्या बाकड्यावर मी पाहिला होता. मी सहावीत असताना आमच्या शाळेत सुरवसे सर नवे आले, भूमकडचे. अंगावर इस्त्रीचा शर्ट, काखेत पेपर. पगार सुरू व्हायला वेळ होता, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. ते दुपारी पेपर वाचत वाचत आमच्या दारावरून सावकाश जायचे आणि तसेच वाचत परत यायचे. दुसऱ्या दिवशी मायनं हाक मारली, "सर, तुमी शिकल्यालं माणूस, जरा मीठ सांगा." पुढं तीन-चार महिने ते रोज मीठ सांगत होते. मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं की शिकलेल्या माणसाला मिठाचं जास्त कळत असणार. मग त्यांचा पगार सुरू झाला, लग्न झालं, त्यांनी खोली घेतली आणि यायचे बंद झाले. मी दहावीत गेले तोवर सुरवसे सर म्हणजे शाळेतला दरारा झाला होता. रस्त्यात माय दिसली तर मान खाली घालून पलीकडनं जायचे. मायला त्याचं काही वाटायचं नाही, मला मात्र राग यायचा.

सर आम्हाला इंग्रजी शिकवायचे, पद्धत तेव्हाच्या सगळ्यांसारखीच. पुस्तक बाकावर ठेवायचं ते शोभेला. खरा धडा गाईडमधून. सर गाईडमधली उत्तरं फळ्यावर लिहायचे, आम्ही वहीत उतरवायचो, घरी पाठ करायचो आणि परीक्षेत जशीच्या तशी ओतायचो. कथेत कोण होतं, काय झालं, हे कुणी विचारायचं नाही. 'थीम' विचारली की थीम म्हणायची, 'मॉरल' विचारलं की मॉरल. कवितेचंही तेच. एवढं पाठांतर मी आयुष्यात पुन्हा केलं नाही, आणि त्यात इंग्रजी औषधालाही नव्हतं.

माझ्याकडं गाईड नव्हतं. शकीला माझी बाकावरची मैत्रीण, तिचं गाईड आम्ही दोघी मिळून वापरायचो. पूर्वपरीक्षेच्या तोंडावर मला चार दिवस ताप आला, नेमक्या त्याच दिवसांत सरांनी एका कथेची उत्तरं लिहून दिली. मी बरी झाले तर शकीला गाईड आणि वह्या घेऊन मामाच्या लग्नाला उमरग्याला गेलेली. आता काय करायचं? शेवटी मी पुस्तक उघडलं, शेजाऱ्यांकडनं जुनी डिक्शनरी मागून आणली आणि एकेक शब्द शोधत बसले. रडकुंडीला आले. माय म्हणाली, "रडायलीस कशाला? आमाला सांग तरी काय लिवलंय. पीठ मळायला काय कान लागत न्हायत."

म्हणून मग मी जमेल तसं मराठीत सांगत गेले. समुद्राकाठच्या गावात एक म्हातारी असते. तिचा तरणा मुलगा जहाजावर जातो आणि जहाज बुडाल्याची बातमी येते. त्या दिवसापासून म्हातारी रोज दुपारी मागच्या पायरीवर एक जादा ताट वाढून ठेवते. थोड्या वेळानं बघावं तर ताट रिकामं. गाव म्हणतं, हिला वेड लागलं, हिला वाटतंय मुलगा येऊन जेवून जातो. म्हातारीच्या परसातल्या पडवीत एक म्हातारा चांभार राहायला आलेला असतो. धंदा बसलेला, पण मानी. कुणी काही दिलं तर घेत नाही. शेवटच्या पानावर म्हातारी पाव कापते, त्याच्या कडा काढून टाकते, मऊ भाग ताटात ठेवते, ताट पायरीवर नेते आणि आत येऊन खिडकीचा पडदा ओढून घेते. संपली गोष्ट.

"येडीच झाली बिचारी," गोदाक्का म्हणाली. "पोटचं लेकरू गेल्यावर दुसरं काय व्हनार?"

मायची थाप थांबली. "कडा का काढल्या गं तिनं?"

"लिहिलं नाही तसं," मी म्हणाले.

"पोरगं तरणंताठं व्हतं म्हणतीस. दात हायत की त्याला. मग कडा कुणासाठी काढल्या?" माझ्या तोंडाकडं बघत तिनं स्वतःच उत्तर दिलं. "ती येडी न्हाय. तिला चांगलं ठाव हाय कोण जेवतंय. म्हणून तर पडदा लोटला. आपण बगायलोत म्हटल्यावर त्येच्या घशाखाली घास उतरंल व्हय?"

"अन् गाव येडी म्हणायलंय त्ये?" गोदाक्का पीठ मळायचं सोडून भांडायलाच बसली.

"म्हणू दे की. पोराचं ताट म्हटल्यावर त्यो जेवतो. तुझं ताट म्हटलं असतं तर उपाशी मेला असता." आणि तिनं भाकरी तव्यावर टाकली.

मी पुस्तकात पुन्हा बघितलं. यातलं एक अक्षर तिथं लिहिलेलं नव्हतं आणि तरी सगळं तिथंच होतं. छापील कागदात असं काही दडवून ठेवता येतं, आणि ते माझ्या मायला दिसतं, जिला सही करायला अंगठा लागतो! आज साठीला टेकले तरी सांगते, साहित्य म्हणजे काय हे मला त्या दुपारी कळलं. पुढं बी.ए., एम.ए. केलं, मोठमोठ्या लोकांची व्याख्यानं ऐकली, त्यावर कुणी फारशी भर घातली नाही.

पूर्वपरीक्षेत नेमका प्रश्न आला: म्हातारी जादा ताट का ठेवते? पाच मार्कांचा. मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं की म्हातारी वेडी नाही, तिनं त्या चांभाराची मान खाली जाऊ नये म्हणून स्वतःला वेडी म्हणवून घेतलं. एवढं मनापासून मी आधी कुठल्याच पेपरात लिहिलं नव्हतं. पेपर हातात आला तर त्या उत्तरावर तिरकी लाल रेघ, शून्य, आणि खाली सरांचं ठळक अक्षर: 'स्वतःच्या मनाचं लिहू नये.' एकूण मार्क तेहतीस. पास व्हायला पस्तीस.

दोन मार्क म्हणजे आता कुणाला काही वाटणार नाही. पण शाळेचा नियम होता, पूर्वपरीक्षेत नापास त्याचा बोर्डाचा फॉर्म भरायचा नाही. शाळेचा निकाल खराब होतो. वर्षभर घरी बसा, पुढच्या वर्षी बघू. एकदा घरी बसलेली पोरगी पुन्हा वर्गात आलेली मी तरी पाहिली नव्हती. माझ्या पुढच्या वर्गातल्या तिघी अशाच बसल्या आणि तिघींची लग्नं उरकली. फॉर्म भरायचा उद्या शेवटचा दिवस. मी पेपर मायच्या पुढं ठेवला आणि काय झालं ते सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "कुठल्या उत्तराला शून्य म्हणालीस?" मी सांगितलं. ती उठली, गोदाक्काला "तवा बग" म्हणाली आणि पायात चपला सरकवून चालायला लागली. कोपरापर्यंत पीठ, तसंच. पेपर घेऊन मी तिच्या मागं.

हेडसरांच्या खोलीत सुरवसे सरही होते. हेडसर सुपारी चघळत शांतपणे म्हणाले, "बाई, नियम म्हणजे नियम. पोरगी पुढच्या वर्षी बसेल. एवढी घाई काय आहे?"

"साहेब, तिनं काय चुकीचं लिवलं तेवढं सांगा. पटलं तर जाते माघारी."

सुरवसे सरांनी मायकडं न बघता गाईड उघडलं. "हे बघा, इथं स्पष्ट दिलंय. पुत्रवियोगानं म्हातारीला वेड लागतं. आईची वेडी माया, ही थीम. हिनं मनाचंच काहीतरी लिहिलंय."

"तिच्या मनाचं न्हाय सर. म्या सांगितलेलं लिवलंय तिनं."

हेडसरांना हसू आलं. "तुम्ही? इंग्रजी धडा?"

"मला अक्षर वळकू येत न्हाय, साहेब. पर ती म्हातारी येडी न्हाय." मायचा आवाज चढला नव्हता, खानावळीत गिऱ्हाइकाला भाजी कुठली ते सांगावं तशी ती बोलत होती. "पावाच्या कडा काढल्यात तिनं. तरण्या पोराला कडा काढून कोण वाढतं? अन् पडदा लोटलाय. शेवटच्या पानावर हाय. तुमी पुस्तकात बगा की सर, गाईडात कशाला बगायलाव?"

सरांनी गाईड चाळलं. तिथं कडा नव्हत्या आणि पडदाही नव्हता. गाईड करणाऱ्यानं शेवटचं पानच गाळलं होतं. वर्षानुवर्षं आम्ही सगळे, सरांसकट, अर्धी गोष्ट पाठ करत होतो! सरांनी कपाटातून पुस्तक काढलं. इतकं कोरं की उघडताना त्याची शिवण कडकड वाजली. वर्गातल्या सवयीनं ते एक वाक्य इंग्रजीत वाचायचे आणि लगेच त्याचं मराठी करायचे. म्हातारीनं पाव कापला. तिनं कडा काढून बाजूला ठेवल्या. तिनं ताट पायरीवर नेलं. ती आत आली. आणि तिनं पडदा... इथं सर थांबले. ते वाक्य त्यांनी पुरं केलंच नाही. पुस्तकाकडं बघत उभे राहिले आणि त्यांचे कान लाल व्हायला लागले.

त्याच क्षणी माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. शेवटचं बाकडं. आमटीची वाटी. शिकल्यालं माणूस. तात्यांच्या भाकरीच्या कडा. मायची जीभ कधी अधू नव्हतीच! माझ्या ओठांवर आलं होतं, 'सर, तुम्हीसुद्धा तर...' एवढं एक वाक्य बोलले असते तर सर तिथंच जमिनीत गेले असते आणि माझा फॉर्म भरला गेला असता. मायनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. नुसता तिचा पाय माझ्या पायावर आला आणि असा दाबला की डोळ्यांत पाणी आलं. मी तोंड मिटलं. वर्ष गेलं तर गेलं, पण हे बोलायचं नाही, एवढं त्या पायानं मला सांगितलं.

मग सरांनी पुस्तक मिटलं आणि कितीतरी वर्षांनी मायकडं सरळ बघितलं.

"मावशी," ते म्हणाले, "त्या वर्षी तुमच्या आमटीत मीठ कमी नव्हतं."

"व्हतं हो सर," माय लगेच म्हणाली. "लई कमी असायचं. तुमी सांगितलं म्हणून तर सुदरलं."

"कसलं मीठ? कुणाची आमटी?" हेडसर एकदा हिच्याकडं, एकदा त्यांच्याकडं बघत राहिले. त्यांना कुणीच काही सांगितलं नाही. सरांनी माझा पेपर ओढला, शून्य खोडलं, त्या जागी चार लिहिले आणि आपली सही केली. 'स्वतःच्या मनाचं लिहू नये' यावर त्यांनी एवढी जाड काट मारली की कागद फाटला. "एक मार्क स्पेलिंगचा कापलाय," मला म्हणाले. "चांभाराचं स्पेलिंग चुकलंय तुझं." तो पेपर अजून माझ्या कपाटात आहे. दुसऱ्या दिवसापासून सरांनी वर्गात गाईड आणलं नाही. आम्ही बोर्डाच्या परीक्षेपर्यंत सगळ्या कथा, सगळ्या कविता पुस्तकातून पहिल्यापासून वाचल्या, आणि मधेच सर विचारायचे, "तुम्हाला काय वाटतं?" सुरुवातीला कुणाला तोंड उघडायचं धाडसच होईना. मग पोरं अशी काही बोलायला लागली की शेजारच्या वर्गातून तक्रार यायची. आता पोरं मोबाईलवर धड्याचा सारांश काढून आणतात. मीही वर्गात मोबाईल बंद करायला लावायचे आणि तोच प्रश्न विचारायचे.

शाळेतून परतताना माय पुढं झपाझप चालली होती आणि मी मागं. माझी छाती अशी फुगली होती की सगळ्या नळदुर्गानं बाहेर येऊन ही पिठानं माखलेली बाई बघावी असं वाटत होतं. ही माझी माय आहे, हिला अक्षर येत नाही आणि हिनं इंग्रजीच्या सरांना धडा वाचायला लावला! एस.टी. स्टँडपाशी मला राहवेना. मी पळत तिला गाठलं आणि विचारलं, "माय, खरं सांग, मीठ कमी असायचं का गं?"

"तुला काय करायचंय?" ती थांबलीसुद्धा नाही. "तू फॉर्म भर आधी."

शेडमध्ये तात्या शेवटच्या बाकड्यावर येऊन बसले होते. माय नव्हती म्हणून गोदाक्कानं त्यांना काही वाढलं नव्हतं; तिला ते बोलणं जमत नसे. मायनं हात धुतले, वाटीत आमटी घेतली, एका भाकरीच्या कडा काढल्या आणि म्हणाली, "तात्या, मीठ बगा बरं जरा. मला मेलीला आज चवच कळंना."

तात्यांनी वाटी पुढं ओढली. मी पोत्यावर बसले, त्यांच्याकडं पाठ केली आणि बदकांची कविता मोठ्यानं म्हणायला लागले.